लेगसी सिस्टीम (अमेरिकेचं फेडरल सरकार)

अमेरिकेच्या फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या खात्यांमध्ये अजून रोजच्या कामाला जुंपलेल्या, पण ज्यांचं मशीन, प्रोग्रामिंगची भाषा किंवा ती भाषा जाणणारी माणसं संपत आलीत अशा कॉम्प्युटर सिस्टीमना लेगसी सिस्टीम म्हणतात. जुनी म्हणजे वाईट असं नाही हे आधीच सांगायला हवं, कारण यातल्या कित्येक अजून चोख चालतात, खरी अडचण येते ती त्यात काही बदलायची वेळ आली की.

सगळ्यात जास्त चर्चा होते ती आयआरएस या टॅक्स खात्याच्या 'इंडिव्हिज्युअल मास्टर फाइल'ची. प्रत्येक करदात्याचं मूळ खातं इथे असतं, अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मराठी माणसाचा फॉर्म १०४० (टॅक्स रिटर्नचा फॉर्म) सुद्धा फिरत फिरत शेवटी इथेच येऊन पडतो. तिच्या वयाबद्दल मात्र एकमत नाही. जीएओने (अमेरिकी काँग्रेससाठी सरकारी कारभार तपासणारी संस्था, साधारण आपल्या कॅगसारखी) २०१६ मध्ये तिचं वय सुमारे ५६ वर्षं धरलं, म्हणजे सुरुवात १९६० च्या आसपास जाते. पण सोशल सिक्युरिटी नंबर टॅक्ससाठी ओळख म्हणून वापरायचा कायदा १९६१ चा, आणि वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गचं कॉम्प्युटर सेंटरही साधारण त्याच सुमाराला सुरू झालं, त्यामुळे १९६० हे आखणीचं वर्ष असावं आणि प्रत्यक्ष खाती त्यानंतर चढली असावीत असं वाटतं. '१९६० च्या दशकाची सुरुवात' एवढंच म्हणणं जास्त सुरक्षित.

दुसरा घोळ भाषेचा. बातम्यांमध्ये सरसकट 'कोबोलमधली सिस्टीम' लिहितात, पण मास्टर फाइलचा गाभा असेंब्ली भाषेत आहे आणि हा फरक साधा नाही. कोबोल इंग्रजी वाक्यांसारखी वाचता येते, नवा माणूस थोडी मेहनत घेऊन अर्थ लावू शकतो. असेंब्लीत एकेक ओळ म्हणजे मशीनला दिलेला एकेक हुकूम, हा आकडा इकडून उचल, तिकडे ठेव, तो शून्य असेल तर अमुक ओळीवर जा; टॅक्सचा कुठला नियम पाळला जातोय ते त्या ओळीवरून कळतच नाही, ते लिहिणाऱ्याच्या डोक्यात असतं आणि तो रिटायर झालेला असतो. त्यावर दर वर्षी बदलणाऱ्या कायद्याचे थर चढत जातात. (कोबोलचा जन्म १९५९ चा, ग्रेस हॉपर यांना तिची जननी म्हणायची पद्धत आहे, त्यांच्या आधीच्या फ्लो-मॅटिक या भाषेचा प्रभाव नक्कीच होता, पण भाषा घडवली समितीने. त्या कामात स्वतः असलेल्या जीन सॅमेट यांनी हॉपर यांना दिलेलं हे बिरुद मान्य केलं नव्हतं आणि त्यांचंच म्हणणं जास्त पटतं.)

मास्टर फाइल आठवड्यातून एकदा अपडेट व्हायची, ती रोज व्हायला २०१२ उजाडलं. १७ एप्रिल २०१८ ला, रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी, ई-फायलिंग बंद पडलं आणि लोकांना एक दिवस वाढवून द्यावा लागला. दोष लगेच जुन्या कोडवर गेला, पण बिघाड त्याला आधार देणाऱ्या हार्डवेअरमध्ये होता आणि ते हार्डवेअर दोन वर्षांचंही नव्हतं.

या सगळ्याच्या मुळाशी पैशाची व्यवस्था आहे आणि माझ्या मते याच्याकडेच सगळ्यात कमी बघितलं जातं. २०१५ च्या आर्थिक वर्षात फेडरल सरकारने आयटीवर ८० अब्ज डॉलरहून जास्त खर्च केला, त्यातला सुमारे ७५ टक्के आहे तेच चालू ठेवण्यात गेला. बजेट वर्षावर्षाचं, वर्ष ३० सप्टेंबरला संपतं, आणि सिस्टीम बदलायला लागतात पाच-दहा वर्षं. खात्याचा आयटी प्रमुख (सीआयओ, हे पद १९९६ च्या क्लिंगर-कोहेन कायद्याने आलं) साधारण दोन वर्षांत बदलतो, म्हणजे काम ज्याने सुरू केलं तो ते पूर्ण झालेलं बघायला तिथे नसतोच.

जीएओच्या त्या २०१६ च्या अहवालात अण्वस्त्रदलांचे निरोप पोचवणारी संरक्षण खात्याची सिस्टीम आठ इंची, म्हणजे जेवणाच्या ताटलीएवढ्या, फ्लॉपीवर चालताना सापडली. २०१९ पर्यंत त्या फ्लॉपी गेल्या. सरकारी कर्मचाऱ्यांची पेन्शनची कागदपत्रं पेनसिल्व्हेनियातल्या बॉयर्सच्या जुन्या चुनखडीच्या खाणीत, जमिनीखाली सुमारे ७० मीटरवर, माणसं हाताने फायली हलवत निकाली काढत आली. हे काम बघणारं सरकारी कर्मचाऱ्यांचं खातं, ओपीएम, २०१५ मध्ये हॅक झाल्याचं उघड झालं, २ कोटी १५ लाख लोकांची पार्श्वभूमी तपासताना गोळा केलेली माहिती गेली, त्यात ५६ लाख जणांचे बोटांचे ठसे होते, आणि पासवर्ड बदलता येतो, ठसा नाही.

नवी सिस्टीमही सुरळीत उभी राहते असं नाही. एफबीआयने तपासाच्या फायलींसाठीची 'व्हर्च्युअल केस फाइल' ही सिस्टीम १७ कोटी डॉलर घालवून २००५ मध्ये सोडून दिली. हेल्थकेअर डॉट गव्ह ही आरोग्य विम्याची सरकारी वेबसाइट १ ऑक्टोबर २०१३ ला सुरू झालं तेव्हा पहिल्या दिवशी फक्त सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली. त्या धक्क्यातून २०१४ मध्ये यूएस डिजिटल सर्व्हिस ही सरकारी टेक टीम निघाली. सीआयओला बजेटवर जास्त अधिकार देणारा फितारा कायदाही २०१४ चा, सिस्टीम बदलायला वेगळा फंड काढणारा कायदा २०१७ चा, त्या फंडात २०२१ मध्ये १ अब्ज डॉलर आले. डिजिटल सर्व्हिसचं जानेवारी २०२५ मध्ये नाव बदलून डोज (डिपार्टमेंट ऑफ गव्हर्नमेंट एफिशियन्सी) सर्व्हिस झालं आणि १८एफ ही दुसरी सरकारी टेक टीम मार्च २०२५ मध्ये बंद केली गेली.