व्हेंटिलेटर लावला म्हणजे संपलं?

‘पोराला व्हेंटिलेटरवर टाकलंय म्हणजे संपलंच, आता नुसतं बिल वाढवतायत.’ आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर हे वाक्य हमखास कानावर पडतं. आजोबांच्या शेवटच्या आजारपणात पाहिलेलं दृश्य आपण तान्ह्या बाळाला चिकटवतो, गफलत तिथेच होते.

बाळाच्या ओपन हार्ट सर्जरीनंतरचा व्हेंटिलेटर बहुतेक वेळा आधीच ठरलेला असतो. शस्त्रक्रियेतून नुकतंच बाहेर पडलेलं हृदय थकलेलं असतं. श्वासाचं काम यंत्राने उचललं की त्याच्यावरचा भार हलका होतो. हृदयातलं साधं छिद्र बुजवलं असेल तर श्वासाची नळी बऱ्याचदा काही तासांतच निघते. मोठ्या रक्तवाहिन्या जन्मतःच उलटसुलट जोडल्या गेलेल्या नवजात बाळाला मात्र काही दिवस लागतात. कधी कधी तर सूज उतरेपर्यंत छातीचं हाड उघडंच ठेवून वर पातळ आवरण लावतात. बघून आईबापांच्या पोटात गोळा येतो (येणारच!), पण हीसुद्धा हृदयाला जागा मिळावी म्हणून केलेली सोय असते.

धोका नसतो असं नाही. जंतुसंसर्ग होतो, किडनीवर ताण येतो. म्हणून डॉक्टरांना विचारायचंच तर हे विचारा: लघवी नीट होतेय का, हृदयाला आधार देणारी औषधं कमी करत आणलीत का?