शून्य आणि रिकामा रकाना

रबाळ्याच्या आमच्या ऑफिसात नवीन आलेल्या मुलाने परवा मला एक फाइल दाखवली. वीज नियोजनाच्या मॉडेलसाठी, म्हणजे मागणी भागवायला कुठे काय उभारावं हे काढणाऱ्या प्रोग्रॅमसाठी, लागणारा फीडरचा (उपकेंद्रातून एखाद्या भागाला वीज नेणाऱ्या वाहिनीचा) भार, पंधरा-पंधरा मिनिटांचा, दिवसाला ९६ ब्लॉक. "ताई, मध्ये मध्ये रिकामं होतं, तिथे शून्य भरून टाकलं. आता नीट दिसतंय."

दिसत होतं नीटच. काळजी त्याचीच वाटली. रिकामा रकाना निदान डोळ्यांत खुपतो; तिथे शून्य बसलं की खरं शून्य कोणतं आणि भरलेलं कोणतं, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. रिकामा रकाना म्हणजे मोजलं नाही, किंवा मोजलेलं आपल्यापर्यंत पोचलं नाही. समजा, फीडरवर दिवसभर ४ मेगावॅट भार आहे आणि मीटरचा संपर्क दोन तास तुटला. म्हणजे आठ ब्लॉक गेले. ते रिकामे ठेवले, तर एक्सेल उरलेल्या ८८ ब्लॉकची सरासरी काढतं: ४ मेगावॅट. शून्य भरलं की तीच सरासरी ३.६७ वर येते. बेरीज मात्र दोन्हीकडे ८ मेगावॅट-तासांनी कमीच भरते, त्यामुळे नुसतं रिकामं ठेवूनही भागत नाही. लहान खंड आजूबाजूच्या आकड्यांवरून भरावा, मोठा असेल तर मागच्या आठवड्यातला तोच वार घ्यावा.

सौरऊर्जेत उलटं होतं. पॅनेलची वीज ग्रिडजोगी करणारे बरेच इन्व्हर्टर रात्री झोपतात आणि काहीच नोंदवत नाहीत. तिथला रिकामा रकाना खरोखरच शून्य असतो, तिथे बिनधास्त शून्य भरावं.

आणि काही शून्यं खरी असूनही फसवतात. १२ ऑक्टोबर २०२० ला कळवा-पडघे वाहिन्यांमधल्या बिघाडानंतर मुंबईबरोबर ठाणे, नवी मुंबईच्या बऱ्याच भागांतली वीज गेली. अंधारातल्या फीडरवर मीटरने शून्य दाखवलं असेल, तर ते अगदी बरोबर आहे. पण लोकल खोळंबल्या होत्या, लिफ्ट अडकल्या होत्या. वीज हवी होती, मिळत नव्हती. मीटर पुरवठा मोजतो, नियोजनाला मागणी हवी असते. तो दिवस तसाच मॉडेलमध्ये गेला, तर त्या वेळी लोकांना वीज नकोच होती, असा त्याचा अर्थ लागतो.

सगळ्यात मोठा घोळ मात्र मर्यादांच्या रकान्यात होतो. एखाद्या ठिकाणी जास्तीत जास्त किती क्षमता उभारता येईल, त्या जागी शून्य लिहिलं, की मॉडेल तिथे काहीच उभारत नाही. तीच जागा रिकामी सोडली, तर बरीच सॉफ्टवेअर 'मर्यादा नाही' असं धरतात. पायप्सा (PyPSA) या वीज नियोजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वाढीव क्षमतेची कमाल मर्यादा दिली नाही, तर ती अनंत मानली जाते. म्हणजे भाराच्या शीटमध्ये बेरजेपुरती जी रिकामी जागा शून्यासारखी वागते, तीच इथे शून्याच्या थेट दुसऱ्या टोकाला जाते.

मी त्या मुलाला कोयना जलविद्युत प्रकल्पाची ओळ उघडून दाखवली. क्षमता १,९६० मेगावॅट. पण कृष्णा पाणीवाटप लवादाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाण्याची मर्यादा घातलेली आहे. पाण्याचा रकाना रिकामा राहिला, तर मॉडेल कोयना वर्षाचे ८,७६० तास पूर्ण ताकदीने चालवेल आणि १,७१७ कोटी युनिटं कागदावर काढेल. धरणात तेवढं पाणी कुठून येणार? त्याच रकान्यात शून्य पडलं, तर संध्याकाळी मागणी चढताना हात देणारं राज्यातलं सगळ्यात मोठं जलविद्युत केंद्र बंद पडलेलं दिसेल, आणि त्याची जागा भरायला मॉडेल नवे प्रकल्प मागेल.

त्याने मूळ फाइल परत मागवली. आता प्रत्येक आकड्याशेजारी आणखी एक रकाना आहे: मोजलेलं, अंदाजे भरलेलं, वीज गेलेली, मर्यादा नाही. फाइल दुप्पट रुंद झाली, स्क्रीनवर मावत नाही. पण त्याने भरलेली शून्यं आता एकेक करून सापडताहेत.