कोणत्या चौकोनात खूण?

जपानमध्ये लग्न कायद्याने लागतं ते नगरपालिकेच्या खिडकीवर. एक अर्ज, त्यावर दोन साक्षीदार, झालं. त्या अर्जात शेजारी शेजारी दोन छोटे चौकोन असतात: ‘पतीचं आडनाव’ आणि ‘पत्नीचं आडनाव’. एकावर खूण हवीच. आपापलं ठेवू म्हणणाऱ्यांसाठी तिसरा चौकोन नाही. नागरी संहितेचं ७५०वं कलम सांगतं की लग्नाच्या वेळी ठरेल तसं दोघांनी पतीचं किंवा पत्नीचं, एकच आडनाव लावावं. कागदावर कुणालाच झुकतं माप नाही. तरी सुमारे ९५ टक्के जोडप्यांत नाव बदलते ती बायकोच.

ही आमची जुनी परंपरा, असं तिथले सनातनी पुढारी सांगतात. पण तिचं वय काढायला बसलं तर जेमतेम सव्वाशे वर्षं भरतं.

एदो काळात, म्हणजे १८६८ पर्यंतच्या शोगुनांच्या राजवटीत, रयतेला आडनाव अधिकृतपणे लावायची मुभा नव्हती. तो मान मुख्यतः सामुराईंचा. त्यानंतर सम्राटाच्या नावाने आलेल्या मेइजी सरकारने १८७० मध्ये परवानगी दिली. लोकांनी ती फारशी मनावर घेतली नाही आणि लष्कराला तर भरतीसाठी याद्या हव्या होत्या, म्हणून १८७५ मध्ये सक्ती झाली. मग पंचाईत: लग्न झालेल्या बाईने कोणतं लावायचं? १८७६ चा सरकारी हुकूम स्पष्ट होता – माहेरचंच. हे वाचून कुणी टाळ्या वाजवू नयेत. तिच्या स्वातंत्र्याचा इथे संबंध नव्हता. सून परक्या रक्ताची, तिला आपलं नाव कशाला, असा तो हिशोब.

उलटा फेरा आला १८९८ च्या नागरी संहितेने. युरोपीय कायद्यांचा अभ्यास करून बेतलेल्या या संहितेने ‘इए’, म्हणजे घराणं, हा कायद्याचा पाया केला. बायको नवऱ्याच्या घराण्यात दाखल होणार आणि त्या घराण्याचं नाव लावणार. युद्धानंतर १९४७ मध्ये घराण्याची पद्धत गेली, दोन पर्याय आले. ‘एकच नाव’ मात्र तसंच राहिलं, कारण ‘कोसेकी’ ही कुटुंबनोंदवही आजही एका आडनावावर चालते.

बायकोचं नाव घेणारे नवरे पूर्वीही होते. मुलगा नसलेलं घर जावयालाच दत्तक घेई. पण त्या जावयाबद्दलची म्हण ऐका: पदरी तीन मापं कोंडा असला तरी घरजावई होऊ नये. पुरुष दुसऱ्या चौकोनाकडे का वळत नाहीत, ते यावरून कळावं.

१९९६ मध्ये न्यायमंत्र्यांच्या सल्लागार मंडळाने वेगळ्या आडनावांचा पर्याय सुचवला. सरकारने विधेयक मांडलंच नाही. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दहा विरुद्ध पाच मतांनी कलम वैध ठरवलं. पीठावरच्या तिन्ही महिला न्यायमूर्ती विरोधात होत्या. २०२१ मध्ये पुन्हा तोच कौल. २०२४ मध्ये बड्या उद्योगांची संघटना केइदानरेनसुद्धा बदल मागू लागली; पासपोर्टवर एक नाव नि कामाच्या व्हिजिटिंग कार्डावर दुसरं, यात परदेशी कामं अडतात.

गंमत म्हणजे जपानी मुलीने पुण्याच्या मुलाशी लग्न केलं तर हे कलम तिला लागूच होत नाही. तिचं आडनाव आपोआप तिचंच राहतं. बदलायचंच असेल तर सहा महिन्यांच्या आत वेगळा अर्ज करायचा.