करडई गेली, सोयाबीन आलं: लातूरकडच्या मधपेटीची पार्श्वभूमी

मधमाशीपालनावरचं बरंच लिखाण थंड प्रदेशांतून आपल्याकडे आलं. त्यात हिवाळा म्हणजे माश्यांनी एकमेकींना बिलगून पेटीत बसायचं आणि साठवलेल्या मधावर दिवस ढकलायचे. लातूर-धाराशिवकडे हे गणित बसत नाही. इथं कार्तिक ते माघ ही माश्यांची सुगी असते. त्यांच्या पोटाला चिमटा बसतो तो चैत्रापासून पाऊस पडेपर्यंत. नवा मधपाळ डिसेंबरात पेटीला बारदान गुंडाळून निर्धास्त होतो आणि मे महिन्यात रिकामी पेटी बघून हळहळतो, असं दरवर्षी कुणा ना कुणाचं होतंच.

येळवशीच्या, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येच्या सकाळी तुरीच्या रानात ठेवलेली पेटी बघावी. नऊपर्यंत दव असतं, दारात एखाददुसरी पहारेकरी माशी. ऊन दारावर आलं की एक बाहेर पडते, मग दोन, मग रांगच लागते. थोड्या वेळात मागच्या पायांना परागाच्या पिवळ्या गोळ्या लावून त्या परत येऊ लागतात. झाकण काढलं तर आतून ऊब चेहऱ्यावर येते. बाहेर आपली बोटं गारठलेली असतात आणि आत अंडी-अळ्यांपाशी माश्यांनी 34-35 अंश राखलेले असतात. चौकट उचलली की वरच्या अंगाला मेणाने बंद केलेला मध, खाली तपकिरी झाकणांखालची पिल्लं. तोवर शेजारच्या रानातल्या कडब्याच्या कोपीत पाच पांडवांची पूजा आटोपून आंबिल वाटायला घेतलेलं असतं.

पेटी येण्याआधी इकडं मध होता तो मोहोळ झाडून मिळणारा. वडाच्या फांदीला, जुन्या गढीच्या कमानीला, अजिंठ्याच्या लेण्यांवरच्या कातळाला लटकणारी आग्या माशीची पोळी आजही दिसतात. ही माशी फुलोऱ्यामागे मुक्काम हलवते, ती पेटीत राहत नाही. झुडपात एकच पोळं बांधणारी फुलोरी माशीही पेटीत टिकत नाही. रात्री धूर करायचा, पोळं कापायचं आणि पिल्लांसकट पिळायचं, ही जुनी रीत. अवधूताच्या चोवीस गुरूंत मधमाशी आहे ती याच रीतीमुळे: साठवते ती, नेतो दुसराच.

पेटीत राहते ती इथली सातेरी माशी. अंधाऱ्या ढोलीत समांतर पोळी बांधण्याची तिला सवय असते, म्हणून चौकटींची पेटी तिला चालते. महाराष्ट्रात हे काम आधी सह्याद्रीत रुजलं. 1934 साली गांधीजींच्या पुढाकाराने वर्ध्याला ग्रामोद्योग संघ निघाला, त्यानंतर मधाकडे गावाचा धंदा म्हणून पाहिलं जाऊ लागलं. मुंबई इलाख्यात 1946 पासून महाबळेश्वरला मधाचं सरकारी काम सुरू झालं. मराठवाडा मात्र तेव्हा निजामाच्या राज्यात होता. 17 सप्टेंबर 1948 ला तो मोकळा झाला, 1956 साली मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्रात. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था उघडली ती 1962 साली. सह्याद्रीतला मधपाळ पेटीवर हात बसवत होता त्या काळात आपलं सरकारच वेगळं होतं. माझ्या मते आपण मागे पडण्याचं हे मोठं कारण आहे, आणि ते फारसं कुणी बोलत नाही.

दुसरं कारण रानाचं. महाबळेश्वरला जांभूळ आहे, हिरडा आहे. जंगलच माशीला पोसतं. आपल्याकडे झाड विरळ, माशीचं पोट पिकावर. त्यामुळे इथं पेटी एका जागी ठेवून भागत नाही, फुलोऱ्यामागे न्यावी लागते.

आणि पिकंच बदलत गेली. पूर्वी शाळू ज्वारीच्या कडेनं करडईचे पाटे असत. काट्यांमुळे जनावर आत शिरत नसे, घरचं तेल निघे आणि ऐन थंडीत माशीला मकरंद मिळे. 1969 साली रशियातून सूर्यफुलाच्या जाती देशात आल्या आणि पुढे हे पीक लातूरकडे चांगलंच पसरलं. त्या जुन्या जातींत स्वतःच्या परागाने दाणा नीट भरत नसे. माश्या कमी असल्या की तबकाच्या मध्यभागी पोचट दाणे राहायचे. माशीचा आणि उताऱ्याचा संबंध शेतकऱ्याला डोळ्यांनी दिसला तो या पिकात. मग सोयाबीन आलं. पैसा देणारं, कमी दिवसांचं, स्वतःच परागीभवन उरकणारं. त्याच्यामागून रब्बीत हरभरा, तोही माशीवाचून भागवणारा आणि तिला फारसं काही न देणारा. सूर्यफूल गेलं, करडई आटली. थंडीतल्या माशीच्या ताटात उरली तूर, धने, कुठं कांद्याचं बियाणं, बांधावरची बोर-बाभूळ. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याने दर बघितला. पण माशीचं काय झालं हे कुणी मोजलं नाही.

दरम्यान युरोपातली मेलिफेरा माशी 1962 साली आजच्या हिमाचलातल्या नगरोटा बगवान इथं देशात स्थिरावली. 1991-92 च्या सुमारास अळ्या मारणाऱ्या थाई सॅकब्रूड विषाणूने दक्षिणेत सातेरीच्या वसाहती उद्ध्वस्त केल्या, तेव्हापासून मेलिफेराकडे ओढा वाढला. ती मध जास्त देते, पण तिला सतत फुलोरा लागतो.

आमच्या मधपाळांच्या गटाचं थंडीतलं काम या सगळ्यातून ठरलंय. गट लहान आहे, मध काढायचं यंत्र सगळ्यांत मिळून एक. दर अमावस्येला एकाच्या रानात जमायचं, पेट्या मागून उचलून वजनाचा अंदाज घ्यायचा, दुबळ्या वसाहती मध्ये वर्तमानपत्राचा कागद लावून एकत्र करायच्या, मुंग्या चढू नयेत म्हणून स्टँडच्या पायांखालच्या वाट्यांत पाणी घालायचं. कुणाच्या भिंतीत सातेरी निघाली की जाळण्याआधी आम्हाला फोन करा, असं गावोगाव सांगून ठेवलंय. सगळ्यात जास्त वेळ जातो तो फवारणीच्या बोलण्यात. तूर फुलात असते तेव्हाच शेंगा पोखरणारी अळी येते आणि औषध मारावंच लागतं. तीन वर्षांपूर्वी एका दुपारच्या फवारणीत आमच्या नऊ पेट्या गेल्या. दारापुढे माश्यांचा थर पडला होता, प्रत्येकीची सोंड बाहेर आलेली. त्या शेतकऱ्याला हे माहीतच नव्हतं, तो आमच्याइतकाच गप्प झाला. आता शेजारच्या रानांची यादी वहीत असते. कोण कधी फवारणार ते आधी विचारतो आणि माश्या घरी परतल्यावर, संध्याकाळी मारा म्हणून हात जोडतो. बहुतेक जण ऐकतात.

उन्हाळ्याची तजवीजही थंडीतच करावी लागते. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात माणसांचीच ती गत, तिथं माशीला ओलावा कुठून मिळणार? तेव्हापासून माघात मध काढताना खालच्या चौकटींना हात लावायचा नाही, असं गटात ठरलंय.

यंदा पाच जणांनी ज्वारीच्या कडेनं पुन्हा करडई टाकलीय. तुरीचा फुलोरा सरला की सगळ्या माश्या आत आल्यावर रात्री दारं बंद करून पेट्या टेंपोत चढवायच्या आणि तिकडं न्यायच्या. करडईला बोंडं धरलीत, पिवळं दिसायला अजून थोडे दिवस आहेत.