उजेडात उमटणारे चित्र

फिल्मवर पडलेली प्रतिमा धुवायची ती काळोखातच, हा छायाचित्रणाचा जुना नियम होता. रोल स्टुडिओत टाकायचा, पावती जपून ठेवायची आणि दोन-चार दिवसांनी फोटो आणायला जायचे, हा क्रम चाळिशी ओलांडलेल्यांना आठवत असेल. १९७२ साली पोलरॉइड या अमेरिकी कंपनीने आणलेल्या एसएक्स-७० कॅमेऱ्यातून बाहेर पडणारा फोटो मात्र भर उन्हात, पाहणाऱ्याच्या तळहातावर उमटत असे. फोटो लगेच मिळतो याचे कौतुक सगळेच करतात. माझ्या मते तो उजेडात धुतला जातो, हे त्याहून मोठे नवल आहे.

लगेच मिळणाऱ्या फोटोच्या शोधामागची गोष्ट प्रसिद्ध आहे. १९४३ साली अमेरिकेतील सांता फे येथे सुट्टीवर असताना पोलरॉइडचे संस्थापक एडविन लँड यांना त्यांच्या तीन वर्षांच्या मुलीने विचारले, की आत्ता काढलेला फोटो आत्ताच का दिसत नाही. लँड यांनी १९४७ मध्ये न्यूयॉर्कला प्रात्यक्षिक दाखवले आणि १९४८ च्या नोव्हेंबरात बोस्टनमधील एका दुकानात पहिला कॅमेरा विक्रीस आला. त्या काळी मिनिटभर थांबून फोटो निगेटिव्हपासून सोलून काढावा लागे आणि तो ओलसर असे. फोटो हवेत हलवण्याची सवय तिथली आहे. आजच्या, सोलावी न लागणाऱ्या सीलबंद फिल्मला तिचा काडीचा उपयोग नाही, उलट आतले थर सुटण्याची भीती असते.

एसएक्स-७० च्या फिल्मची पांढरी चौकट पाहिली, तर खालची पट्टी इतर तिन्ही बाजूंपेक्षा रुंद दिसते. नाव-तारीख लिहिण्यासाठी केलेली ती सोय नाही. तिथे रसायनाची एक चपटी पुडी दडलेली असते. फोटो दोन रुळांमधून बाहेर सरकताना ही पुडी फुटते आणि आतले दाट मिश्रण थरांमध्ये सारखे पसरते. फिल्ममध्ये निळ्या, हिरव्या आणि तांबड्या प्रकाशाला प्रतिसाद देणारे सिल्व्हर हॅलाइडचे (प्रकाशाने बदलणाऱ्या चांदीच्या संयुगांचे) तीन थर असतात व त्यांच्यामागे अनुक्रमे पिवळे, किरमिजी आणि निळसर हिरवे रंगद्रव्य असते. जिथे प्रकाश पडला, तिथले रंगद्रव्य अभिक्रियेत जागच्या जागी अडकते. जे मोकळे राहते ते वर सरकून चित्र घडवते.

पण हे चालू असताना वरून पडणारे ऊन सगळी फिल्म वाया का घालवत नाही? याचे उत्तर शाळेच्या प्रयोगशाळेत सापडते. फिनॉल्फ्थॅलिन टाकलेले आम्लारीचे गुलाबी द्रावण आम्लाचा शेवटचा थेंब पडताच रंगहीन होते, हे आपण शंकुपात्र हलवत पाहिलेले असते. पुडीतील मिश्रण पोटॅशियम हायड्रॉक्साइडमुळे तीव्र आम्लारीधर्मी असते आणि त्यात फिनॉल्फ्थॅलिनच्याच कुळातील दर्शक (आम्ल-आम्लारीनुसार रंग बदलणारी द्रव्ये) असतात, जे आम्लारीत गडद राहून प्रकाश अडवतात. काही मिनिटांत फिल्ममधील आम्लधर्मी थर सामू (पीएच) खाली आणतो, दर्शकांचा रंग उडतो आणि टायटॅनियम डायऑक्साइडच्या शुभ्र पार्श्वभूमीवर चित्र दिसू लागते. केसाएवढ्या जाडीच्या थरात अंधारखोली उभी करून ती वेळेवर नाहीशी करणारे हे रसायनशास्त्र मला विसाव्या शतकातील अत्यंत देखण्या कामांपैकी एक वाटते.

हा काळोखी पडदा साधणे किती अवघड आहे, ते पुढे कळले. डिजिटल कॅमेऱ्यांच्या लाटेत पोलरॉइडने २००१ साली दिवाळखोरीचा अर्ज केला आणि २००८ मध्ये फिल्म बंद करण्याची घोषणा केली. त्याच वर्षी नेदरलँड्समधील एन्स्खेडे येथील कारखान्याची यंत्रे काही ध्यास घेतलेल्या मंडळींनी विकत घेतली आणि उपक्रमाला ‘इम्पॉसिबल प्रोजेक्ट’ असे नाव दिले. यंत्रे होती, जाणती माणसे होती. पण लागणारी कित्येक रसायने बनणेच थांबले होते, त्यामुळे फिल्म नव्याने रचावी लागली. २०१० साली ती आली, तेव्हा तिच्यातील पडदा इतका कच्चा होता की फोटो बाहेर पडताक्षणी झाकून ठेवावा लागे. पुढची अनेक वर्षे ही उणीव भरून काढण्यात गेली, आणि आज त्याच कारखान्यातून पोलरॉइडच्या नावाने फिल्म निघते.

फुजीफिल्म या जपानी कंपनीने १९९८ मध्ये आणलेल्या इन्स्टॅक्स या झटपट फिल्मची रचना वेगळी आहे. तिच्यात प्रकाश मागून पडतो आणि चित्र पुढून दिसते; त्यामुळे मधल्या काळ्या थराला नाहीसे होण्याची गरज नसते. हवामानाचा परिणाम मात्र इथेही टळत नाही, कारण अभिक्रियेचा वेग तापमानावर ठरतो. ही फिल्म ५ ते ४० अंश सेल्सिअसमध्ये वापरावी असे सांगितलेले असते, आणि विदर्भातल्या मे महिन्यात ती मर्यादा सहज ओलांडली जाते. तेव्हा फिल्म उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये.

डिजिटल काळाशी या फिल्मचे नाते स्पर्धेचेच आहे असे नाही. मोबाइलमधला फोटो इन्स्टॅक्सवर उतरवणाऱ्या छोट्या प्रिंटरमध्ये शाईचा थेंबही नसतो. मोबाइलच्या पडद्यावरच्या त्या फोटोचे प्रकाशात रूपांतर होते, तो प्रकाश ओळीओळीने फिल्मवर पडतो, मग तेच रूळ फिरतात आणि तीच पुडी फुटते. दीडेक मिनिटात रंग वर येतात; हिवाळ्यात थोडे उशिरा.