खिडकी गेली कुठे? सरकारी कामं ऑनलाईन कशी आली त्याची गोष्ट

रात्री अकराला फॉर्म भरायला बसायचं, फोटो अपलोड होत नाही कारण साईझ जास्त, कमी करून आणला तर म्हणे आता फारच लहान, आणि तेवढ्यात सेशन संपलं, चला परत पहिल्यापासून. मग आपण सर्व्हरच्या नावाने खडे फोडतो. पण थोडं मागे जाऊन बघितलं की कळतं, घोळ सर्व्हरच्या बराच आधी झालेला असतो.

वेब यायच्याही आधी ही गोष्ट सुरू होते. फ्रान्सच्या टेलिफोन खात्याने १९८२ पासून मिनिटेल नावाची छोटी स्क्रीन-कीबोर्डवाली यंत्रं लोकांच्या घरी फुकट द्यायला सुरुवात केली, मोठा हेतू हाच की जाडजूड डिरेक्टऱ्या छापत बसायला नको. अमेरिकेत १९८६ मध्ये आयकर खात्याने तीन शहरांत इलेक्ट्रॉनिक रिटर्न घेऊन बघितले, जेमतेम २५ हजार आले. खरं डोकं लावलं ते सिंगापूरने. १९८९ ला ट्रेडनेट सुरू केलं, आयात-निर्यातीच्या परवानग्यांसाठी. आधी व्यापाऱ्याला या खात्यातून त्या खात्यात कागद फिरवावे लागायचे, त्यांनी बसून त्या सगळ्या फॉर्मांचा एकच फॉर्म केला आणि तो कॉम्प्युटरवर चढवला, दिवस खाणारं काम मिनिटांवर आलं. हा क्रम लक्षात ठेवा: आधी कागद आवरला, मशीन नंतर आलं.

१९९३ मध्ये वेब सगळ्यांना खुलं झालं आणि नंतरच्या काही वर्षांत जगभरच्या खात्यांनी धडाधड साईटी काढल्या, पण त्या म्हणजे नुसते बोर्ड. वर साहेबांचा फोटो, खाली साहेबांचा संदेश, आणि फॉर्म पाहिजे तर डाऊनलोड करा, प्रिंट काढा, भरा आणि ऑफिसात आणून द्या. याला ऑनलाईन म्हणायचे! (अजूनही म्हणतात काही ठिकाणी.)

एस्टोनियाचं उदाहरण सगळेच देतात, मीही देणार, कारण त्यातली गंमत वेगळीच आहे. १९९१ ला स्वतंत्र झालेला चिमुकला देश, जुन्या सिस्टीमचं ओझं फारसं नाही. २००१ मध्ये त्यांनी एक्स-रोड सुरू केला, म्हणजे सरकारी खात्यांनी एकमेकांकडून माहिती मागवायची व्यवस्था. लोकांना वाटतं सगळी माहिती एका जागी गोळा केली असेल, तर उलट, प्रत्येक खात्याची माहिती त्याच्याकडेच राहते, लागली की एक खातं दुसऱ्याला विचारतं, आणि एकदा दिलेली माहिती नागरिकाकडे परत मागायची नाही हा नियम. म्हणजे दाखला घेऊन या खिडकीवरून त्या खिडकीवर जाणारा माणूस आपण नाही, ते काम सरकारचं. २००२ ला चिप असलेलं ओळखपत्र आलं, २००५ ला त्यावर ऑनलाईन मतदानही. मात्र २०१७ मध्ये याच कार्डाच्या चिपमध्ये सुरक्षेचं भोक सापडलं, साडेसात लाखांच्या आसपास कार्डं त्यात होती, शेवटी नोव्हेंबरमध्ये त्यांची ऑनलाईन ओळख पटवणारी डिजिटल सर्टिफिकेटं थांबवावी लागली. सगळं एका कार्डावर लटकवलं की कार्ड हललं तर सगळंच हलतं.

आपल्याकडे कर्नाटकने २००१ च्या सुमाराला भूमी प्रकल्पात जवळपास दोन कोटी जमीन नोंदी कॉम्प्युटरवर आणल्या. त्याआधी उतारा म्हणजे गावच्या हिशेबनीसाच्या कपाटातली वही, तो कधी भेटणार आणि फेरफार कधी लावणार हे त्याच्या मर्जीवर. तालुक्याला केंद्र आलं, फेरफाराचा अर्ज आला त्या क्रमानेच घ्यायचा असं सिस्टीमने ठरवलं, मधे घुसणं अवघड झालं. हा फायदा खराच, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण पुढे अशीही टीका झाली की नोंदी सहज मिळायला लागल्यावर त्याचा जास्त उपयोग ज्यांच्याकडे आधीच पैसा आणि माहिती होती त्यांनीच करून घेतला. आणि वहीत चुकीचं नाव असेल तर स्क्रीनवरही तेच येणार, फक्त आता सुबक टायपात.

अमेरिकेची फजिती तर प्रसिद्धच आहे. १ ऑक्टोबर २०१३ ला आरोग्य विम्याची हेल्थकेअर डॉट गव्ह सुरू झाली आणि पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण झाली किती जणांची? सहा. नुसते प्लॅन बघायलाही आधी अकाऊंट उघडा अशी अट होती त्यामुळे सगळी गर्दी लॉगिनच्या दारात तुंबली, कंत्राटदार ढीगभर आणि सगळ्याची जबाबदारी एकाची अशी कुणाचीच नाही. ब्रिटनने त्याच्या आदल्याच वर्षी गव्ह डॉट यूके काढून शेकडो साईटी एका जागी आणायला घेतल्या होत्या, तिथे सुरुवातच लोक नक्की काय शोधत येतात या प्रश्नापासून केली.

पण साईट बंद पडणं परवडलं. ऑस्ट्रेलियात २०१६ पासून जे मोठ्या प्रमाणावर झालं, रोबोडेट म्हणतात त्याला, तिथे सिस्टीम व्यवस्थित चालू होती. सरकारी मदत घेणाऱ्यांचं वर्षाचं उत्पन्न घ्यायचं, दर पंधरवड्याला सारखं वाटायचं, आणि त्यांनी सांगितलेल्या आकड्याशी जुळलं नाही की थकबाकीची नोटीस. आता ज्याला वर्षात चारच महिने काम मिळालं त्याचं कसं जुळणार? खिडकीवरचा क्लार्क निदान विचारेल तरी, बाबा मधे काम होतं का. इथे उलट लोकांनाच सांगितलं, काही वर्षांपूर्वीच्या पगाराच्या पावत्या शोधा आणि सिद्ध करा. २०१९ मध्ये सरकारला कोर्टात मान्य करावं लागलं की हे कायद्यात बसत नव्हतं, पुढे पैसे परत द्यावे लागले, २०२३ ला शाही आयोगाचा, म्हणजे तिथल्या सरकारी चौकशी आयोगाचा, अहवालही आला.

क्लार्क चिडका असेल, जेवायला गेला की तासभर येत नसेल, पण कागद तपासणं, नाव जुळवणं, काय जोडायचं राहिलंय ते सांगणं हे काम तो करायचा. ऑनलाईन आल्यावर ते काम संपलं नाही, बऱ्याच ठिकाणी ते गुपचूप आपल्या गळ्यात पडलं. ज्यांना फॉर्म भरता येतो त्यांना रांग वाचल्याचा आनंद, ज्यांना येत नाही ते कुणाला तरी पैसे देऊन भरून घेतात, आणि त्या नादात ओटीपीपण त्यालाच सांगून मोकळे होतात.

डेन्मार्कने नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी पत्रव्यवहार सगळ्यांना डिजिटल केला, सक्तीचा. संयुक्त राष्ट्रांच्या ई-गव्हर्नमेंटच्या यादीत २०१८ ते २०२४ दर वेळी हाच देश पहिला आला. पण त्यांनीही एक दार उघडं ठेवलंय, ज्याला जमत नाही त्याने सूट मागायची आणि त्याला पत्र कागदावरच घरी येतं. आणि ती सूट मागायला नगरपालिकेच्या नागरिक सेवा केंद्रात जाता येतं, तिथे समोर माणूस बसलेला असतो.