ढग आहेत, पण पाऊस नाही

महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच सातारा जिल्ह्यातल्या, सुमारे १०० किलोमीटरवरच्या माणदेशातल्या दहिवडीला साधारण ५०० मिलिमीटरच मिळतो. माणदेशावरून पावसाळ्यात ढग जात नाहीत असे मात्र नाही.

अरबी समुद्रावरून आलेले वारे सह्याद्रीला थडकून वर चढतात. उंचीवर दाब कमी असल्याने हवा प्रसरण पावते आणि दर किलोमीटरला सुमारे १० अंश सेल्सिअसने थंड होते. तापमान दवबिंदूपर्यंत उतरले की बाष्पाचे पाणी होऊ लागते. पण त्यासाठी समुद्रातील मीठ, धूळ किंवा धूर यांच्या सूक्ष्म कणांचा आधार लागतो. असे कण नसते, तर आर्द्रता १०० टक्के होऊनही ढग बनला नसता.

ढगातल्या थेंबाचा व्यास सुमारे २० मायक्रॉन असतो (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तो सेकंदाला जेमतेम एक सेंटिमीटर खाली येतो, त्यामुळे वर जाणारी हवा त्याला सहज तोलून धरते. दोन मिलिमीटरचा पावसाचा थेंब होण्यासाठी असे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. मोठे थेंब वेगाने पडताना लहानांना सामावून घेतात. हवेत धूर फार असेल, तर तेच पाणी असंख्य बारीक थेंबांत वाटले जाते, त्यांच्या टकरी कमी होतात आणि पाऊस लांबतो. घाटमाथा ओलांडून उतरणारी हवा तर पुन्हा तापते आणि बरेचसे थेंब विरून जातात. महाबळेश्वरला पावसाळ्यात ढग जमिनीलाच टेकतात, म्हणून पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा तिथे आहे. विमानाविना ढगाच्या आत मोजमाप करता येणे ही मोठीच सोय आहे.

बारीक थेंबांचा ढग अधिक पांढरा दिसतो आणि अधिक सूर्यप्रकाश परतवतो. खालचे दाट ढग पृथ्वीला थंड ठेवतात, उंचावरचे विरळ ढग तिची उष्णता अडवतात. आज एकूण परिणाम थंडाव्याचा आहे. मात्र तापमानवाढीबरोबर ढग बदलतील आणि त्या बदलाने ती वाढ बहुधा आणखी बळावेल, असा आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या २०२१ च्या अहवालाचा निष्कर्ष आहे. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास तापमान २.५ ते ४ अंशांनी वाढेल, असा त्यातला अंदाज आहे. ही तफावत मुख्यतः ढगांमुळेच उरते, कारण हवामानाच्या संगणकीय प्रारूपात पृथ्वी चौकोनांत विभागलेली असते, त्यातला एकेक चौकोन अनेक किलोमीटरचा असतो आणि ढगाचे भवितव्य ठरते ते काही मायक्रॉनच्या थेंबांत.